कोपराची सोय

"आर्मरेस्ट विकत घ्यायचा? अहो, त्यात आहे काय! एक खोकं, खोक्यावर गादी, गादीवर कोपर! रविवारी जेवायच्या आत करून टाकतो!"

असं कारागिरांनी कॅशियरला भर ऑफिसात सांगितलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

कारागीर हे काही त्यांचं नाव नव्हे. हुद्दाही नव्हे. हुद्द्याने ते विमा कंपनीत होते. लोकांचे दावे तपासायचे आणि 'सदर नुकसान दावेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाले आहे' असा शेरा मारून परत पाठवायचे, हे त्यांचं काम. आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कारागीर हे नाव बायकोने ठेवलं होतं, त्यांनी न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला त्या दिवशी. दुरुस्तीनंतर नळ गळायचा थांबला, हे खरं आहे. पाणी यायचंही थांबलं. पण नाव त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी स्वतःच ऑफिसात नेऊन रुजवलं.

तर झालं असं, की कॅशियरने नवी मोठी गाडी घेतली आणि एका संध्याकाळी कारागिरांना घरापर्यंत सोडलं. दोन सीटांच्या मध्ये गुबगुबीत आर्मरेस्ट होता आणि त्यावर कॅशियरचं कोपर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं विसावलं होतं.

"एकदा सवय लागली ना कारागीर, की याच्याशिवाय गाडी चालवणं म्हणजे नुसते हाल हो!"

कारागिरांची गाडी छोटी. इतकी छोटी की पुढच्याने आळस दिला तर मागच्याचा चष्मा पडावा. पण आपलं कोपर इतकी वर्षं अधांतरी लोंबकळत होतं, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदाच जाणवलं आणि कोपर दुखायलाच लागलं.

घरात मात्र तेव्हा वेगळीच गडबड चालू होती. बायको दवाखान्यात नर्स होती. रुग्णांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायची एक नवी जागा निघाली होती. ती मिळाली तर रात्रपाळ्या सुटणार होत्या, वॉर्डातली धावपळ सुटणार होती. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. "या आठवड्यात लायसन्स दाखव, नाहीतर जागा दुसरीला देईन," असं मेट्रनने तोंडावर सांगितलं होतं. आणि बायको चाचणीत दोनदा नापास झाली होती! दोन्ही वेळा एकाच जागी, चढावर. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग क्लच सोडत सोडत हँडब्रेक खाली करायचा आणि गाडी जराही मागे न जाऊ देता पुढे न्यायची. तिची गाडी दोन्ही वेळा मागे गेली. दुसऱ्या वेळी तर परीक्षकांच्या स्कूटरपर्यंत गेली.

म्हणून ती आता रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाजवळ खुर्चीत बसायची, शेजारी छत्री आडवी धरायची आणि डोळे मिटून पुटपुटायची, "थांबले... ओढला... क्लच... ॲक्सिलरेटर... सोडला." ओढला म्हणताना छत्री वर, सोडला म्हणताना खाली.

छत्रीवरच शिकावं लागे, कारण या घरात हँडब्रेक कुणी वापरतच नसे. कारागिरांचा त्यावर एक सिद्धांत होता. "हँडब्रेक ओढला की आतली तार ताणते. रोज ताणलेली तार लवकर म्हातारी होते!" तार तरुण राहावी म्हणून ते गाडी उभी केली की मागच्या चाकाखाली वीट लावत. विटेला जुना मोजा घातलेला होता, टायरला ओरखडा नको म्हणून. वीट डिकीत राहायची आणि गाडीतून उतरायचा क्रम ठरलेला होता. आधी वीट, मग आई, मग बाकीचे. हँडब्रेकची दांडी गाडी घेतल्यापासून आडवी पडली होती ती पडलीच होती.

रविवार उजाडला. बायको ड्यूटीवर गेली आणि कारागीर कामाला लागले. सामान बाहेरून आणायचं नाही, हा बाणा! फळीसाठी त्यांनी आईच्या पलंगाखालची एक फळी काढली. "चार आहेत, तीन पुरतात," असं स्वतःलाच म्हणाले. फोम सोफ्याच्या मधल्या गादीतून घेतला. वरून चढवायला रेक्झिन हवं होतं, ते आईच्या शिलाई मशीनच्या कव्हरातून मिळालं.

"अरे, माझ्या मशीनचं कव्हर कुठंय?" आईने विचारलं.

"आई, ते आता जास्त चांगल्या ठिकाणी आहे."

"असं माणूस गेल्यावर बोलतात रे!" आई म्हणाली आणि सोफ्यावर मधोमध बसली. बसली ती थेट आत गेली. गुडघे कानांशी आले. "अगंबाई! ओढ मला आधी बाहेर! सोफ्याचं काय केलंस?"

एका कोपराला आराम मिळावा म्हणून दुपारपर्यंत घरात कुणाला धड बसायची सोय उरली नाही आणि निजायचीही. पण कारागिरांना हे दिसत नव्हतं. ते गाडीत उलटे वाकून मापं घेत होते. दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकच्या दांडीवरून खोकं असं काही चपखल बसलं की त्यांचा ऊर भरून आला. "आणि ही दांडी उगाच मध्ये दिसायची, तीही झाकली गेली!" ते खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी खोक्याच्या चारही कडांना गोंद फासला. साधासुधा गोंद नव्हे. डबीवर हत्ती दोरखंड ओढतोय असं चित्र होतं आणि दोरखंड डबीला चिकटवलेला होता.

संध्याकाळी बायको थकून आली.

"बघ तर खरं!" कारागीर म्हणाले.

"छान आहे हो," ती जिन्यावरूनच, गाडीकडे न बघता म्हणाली आणि वर जाऊन छत्री घेऊन बसली.

"जरा ती छत्री बाजूला घे, मला मापाची टेप ठेवायचीय," कारागीर म्हणाले.

तिने घेतली.

चाचणी दुसऱ्याच दिवशी होती, आणि खरं तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत होती. पण सकाळी स्कूलच्या सरांचा फोन आला. "ताई, आमच्या गाडीची क्लचप्लेट गेली. तुमची घरची आहे ना? तीच घेऊन या!"

बायकोचा चेहरा उतरला. कारागिरांचा मात्र फुलला. "हे तर उत्तमच! परीक्षकांनाही कोपर टेकायला मिळेल!"

जाताना कारागीरच गाडी चालवत होते. बायको शेजारी डोळे मिटून छत्री वर खाली करत होती. मैदानाशी पोचल्यावर कारागिरांनी सवयीने उतरून वीट लावली, परीक्षक येताना दिसताच काढून डिकीत टाकली आणि दार अदबीने उघडून धरलं. बायको स्टिअरिंगवर बसली. बसता बसता तिने छत्री त्यांच्या हातात दिली. परीक्षक शेजारी बसले. हेच ते स्कूटरवाले. तिला बघून त्यांनी आधी स्कूटर कुठे उभी आहे ते पाहून घेतलं. मग कोपर आर्मरेस्टवर टेकवलं आणि म्हणाले, "वा! चला."

ते 'वा' कारागिरांनी बाहेरून ऐकलं आणि ते चढाच्या पायथ्याशी असलेल्या कठड्यावर समाधानाने टेकले. गाडी वळणं घेऊ लागली. बायको झकास चालवत होती. कारागिरांना तिचं कौतुक वाटलं. हातात छत्री होती, ती त्यांनी गंमत म्हणून आडवी धरली आणि बायकोसारखंच पुटपुटले, "थांबले... ओढला..."

छत्री वर आली. आणि तिथेच अडली.

ओढणार काय? दांडी खोक्याखाली होती! पलंगाच्या फळीखाली, सोफ्याच्या फोमखाली, आईच्या कव्हराखाली आणि हत्तीच्या गोंदात!

"थांब!" ते ओरडले. पण गाडी चढावर पोचली होती आणि नियमाप्रमाणे थांबलीच. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हँडब्रेक लावा," परीक्षक म्हणाले.

बायकोचा हात खाली गेला. चाचपडला. पुन्हा चाचपडला. आर्मरेस्टवर थापट्या मारल्याचा आवाज आला. गाडी वीतभर मागे सरकली आणि पायातल्या ब्रेकवर कचकन थांबली. मागे लाल दिवे लागले. परीक्षकांनी मागे वळून स्कूटरकडे पाहिलं.

नर्सबाईंचा एक खास आवाज होता. घरात तो क्वचितच लागे. इंजेक्शनला घाबरून पलंगाखाली शिरलेले पैलवानही त्या आवाजाने निमूट बाहेर येऊन कुशीवर वळले होते. तोच आवाज आता लागला.

"साहेब, घाबरायचं नाही. लांब श्वास घ्या. आता हळूच खाली उतरायचं. डिकीत मोजा घातलेली वीट आहे. ती मागच्या चाकाखाली लावायची. शाब्बास. बाजूला उभे राहा हं, मागे नाही."

आणि परीक्षक उतरले! आज्ञाधारक मुलासारखे मागे गेले, डिकी उघडली, वीट काढली, वाकून चाकाखाली लावली आणि बाजूला झाले. बायकोने ब्रेकवरचा पाय काढला. वीट होती, गाडी हलली नाही. क्लच सोडला, इंजिन घुमलं आणि गाडी सुळकन चढून वर गेली. परीक्षक चढाच्या मध्यावर उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी वीट उचलली. मोज्याकडे बघितलं. मग मात्र ते भानावर आले.

"बाई!"

"गाडी मागे गेली नाही, साहेब," वरून आवाज आला.

"नाही गेली," परीक्षकांना कबूल करावं लागलं. "पण हँडब्रेक आहे कुठं?"

सगळे गाडीभोवती जमले. परीक्षकांनी विटेच्या टोकाने आर्मरेस्टकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "हे कुणी केलंय?"

आठवडाभर येणाऱ्या जाणाऱ्याला अडवून आर्मरेस्टचं सांगणाऱ्या कारागिरांचा आवाज बसला. "एका... ओळखीच्या माणसाने."

"हेच ते," बायको म्हणाली.

परीक्षक तसे वाईट नव्हते. "उपटा हे. दांडी मोकळी करा, चढावर परत घेतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबेन. मग एकदम पुढचा महिना."

कारागीर झेपावले. ओढलं. हललं नाही. पाय लावून ओढलं. गाडी हलली, आर्मरेस्ट नाही. स्कूलचे सर आले, त्यांनी ओढलं. परीक्षकांनी वीट खाली ठेवून ओढलं आणि शेवटी हात टेकले, तेही त्याच आर्मरेस्टवर! कारागिरांनी आजवर कपाचे कान चिकटवले होते, चपलांचे तळ चिकटवले होते. काहीही दोन दिवस टिकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चिकटवलेली वस्तू चिकटून राहिली होती.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती कठड्यावर छत्री मांडीवर घेऊन बसली होती आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिला तसं बघून कारागिरांना अक्षरशः भडभडून आलं. दोन महिने ही बाई रोज डोळ्यांसमोर छत्री ओढत होती आणि आपण तिला छत्री बाजूला घ्यायला सांगितलं!

ते पुन्हा गाडीत शिरले. या वेळी त्यांनी खोकं वाचवायचा विचार सोडून दिला. दोन्ही पाय डॅशबोर्डला लावले, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून हिसका दिला. कडाडकन आवाज झाला! आर्मरेस्ट निघाला, त्याला चिकटून गाडीचं मधलं प्लॅस्टिकचं आवरण निघालं, आणि हे सगळं पोटाशी धरून कारागीर उघड्या दारातून उलटे, थेट परीक्षकांच्या अंगावर आले.

खाली हँडब्रेकची दांडी होती. नव्यासारखी चकचकीत.

पुढचं सांगायला फार काही नाही. बायको चढावर थांबली. कर्रर्र! इतकी वर्षं न ताणलेली तार एका दमात ताणली गेली. क्लच, ॲक्सिलरेटर, सोडला. गाडी केसभरही मागे गेली नाही. परीक्षकांनी उभ्या उभ्या कागदावर सही केली आणि बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कारागिरांच्याही आलं, पण त्यांच्या नाकाला खोक्याचा कोपरा लागला होता.

"आवरण भरून मिळेल हो," परीक्षक जाताना म्हणाले. "गाडीचा विमा असेल ना?"

"नाही मिळायचं," बायको गोड हसून म्हणाली. "सदर नुकसान दावेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालं आहे."

परतताना तीच चालवत होती. ती आनंदात होती, गाणं गुणगुणत होती, मेट्रनला आधी काय सांगायचं ते ठरवत होती. कारागीर मागच्या सीटवर आर्मरेस्ट मांडीवर घेऊन गप्प होते. शहाण्या माणसाने तसंच राहावं. पण गाडी चढावर आली, त्यांचं कोपर नकळत मांडीवरच्या गादीवर टेकलं आणि तोंडातून निघून गेलं, "उंची मात्र अगदी बरोबर साधली होती, नाही?"

गाडी थांबली. कर्रर्र!

"उतरा," बायको म्हणाली. त्याच खास आवाजात.

कारागीर उतरले. गाडी जराही मागे न येता चढ चढून गेली.

चढ मोठा होता आणि आर्मरेस्ट जड होता. निम्म्या वाटेवर दम लागला, म्हणून कारागिरांनी तो रस्त्याच्या कडेला ठेवला आणि त्यावर बसले. बसायला तो खरंच आरामशीर होता. तेवढ्यात एक मोठी गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. आत कॅशियर, आणि त्याचं कोपर.

"अरे, कारागीर! इथं कुठे? आणि तुमचा तो आर्मरेस्ट काय म्हणतोय?"

"मापं चाललीयत अजून," कारागीर म्हणाले.

"सावकाश होऊ द्या! चला, घरी सोडतो." कारागीर उठले तसं कॅशियरचं लक्ष खाली गेलं. "पण हे स्टूल फार झकास आहे हो! कुठून घेतलंत?"

कारागिरांनी चढाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"छे, विकत कसलं!" ते म्हणाले. "घरीच केलं. रविवारी, जेवायच्या आत!"