तात्यांची वसुली

सगळा इंदापूर तालुका ढगाची वाट बघतो. आमच्या लासुर्ण्यात मात्र ढग दिसला की कपाळाला हात लावणारा एक माणूस आहे. माझे शेजारी तात्या. ऊन झाकलं की ते जेवणावरून उठून अंगणात येतात आणि वर बघत म्हणतात, "आजची वसुली बोंबलली."

तात्यांच्या स्लॅबवर सहा सोलर पॅनेल आहेत. बसवणाऱ्यानं वर्षभराची बिलं मागितली, तर यांनी एकट्या मे महिन्याचं काढून दिलं. त्या महिन्यात पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडं आली होती, बिल दणदणीत होतं. त्या मापानं पॅनेल बसले. चार वर्षांत पैसे वसूल, असं बसवणारा सांगून गेला. आता घरात तात्या एकटे, चालतो तो एक पंखा आणि एक टीव्ही. उरलेली वीज कंपनीकडे जाते आणि तिचे पैसे नावापुरते मिळतात.

म्हणून रस्त्यानं कुणीही जावो, तात्या हाक मारतात, "आमच्यात या की इस्त्री करायला. वसूल हुतंय." माझी बायको चटणी वाटायला मिक्सर उचलून तिकडंच जाते. उसाच्या गळिताच्या दिवसांत पॅनेलवर साखर कारखान्याची काजळी बसते, ती पुसायला ते वारलेल्या काकूंचं मऊ लुगडं घेऊन वर चढतात. मी घाबरतो, पण ते ऐकतील तर शपथ.

एकदा मी वैतागून म्हणालो, "तात्या, असं चाललं तर हे वसूल होईपर्यंत तुम्ही शंभरी गाठाल."

"मग गाठतो की."

"पण मे महिन्याचंच बिल का दिलंत?"

"त्या येळंला नातीला घामोळं उठलं. सून म्हणली, हितं पोरांस्नी ठिवणं अवघड हाय. म्हणून एसी घेतला. आता पोरं आल्यावर वीज कमी पडाय नको."

यंदा मे महिन्यात मुलाचा फोन आला. पोरांचे कसलेसे क्लास होते, येणं जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गेलो. तात्या ओसरीवर घामानं निथळत बसले होते. आतल्या खोलीचं दार बंद आणि एसी चालू. मी दार ढकललं. गारेगार खोलीत धुतलेल्या चादरी घालून दोन लहान गाद्या मांडल्या होत्या.

"तात्या, निदान तुम्ही तरी आत बसा."

"नगं," ते म्हणाले. "माज्या अंगाला घामाचा वास हाय. पोरांच्या अंथरुणाला लागंल."