हद्दीबाहेरचा बंब

"सरकारनं आपल्या हद्दीत ऱ्हावं," पार्श्वनाथ मगदूम चहाची बशी आदळत म्हणाले. "माझी जागा, माझा गोठा, माझा गाळा. त्यात महापालिकेचं काय काम?"

कोल्हापूरला खेटून असलेल्या त्या गावात हद्दवाढीला विरोध करणारे पुष्कळ होते, पण मगदुमांइतका संताप कुणाला परवडत नव्हता. गाव शहरात गेलं की घरपट्टी वाढणार आणि रस्त्याला लागून विनापरवाना बांधलेल्या गाळ्यावर जेसीबी येणार, हे त्यांना झोपेतही दिसायचं. सातबाऱ्यावर त्यांच्या पत्नीचं, रत्नाबाईंचं नाव होतं. एवढा बारीक तपशील ते वादात काढत नसत.

शेजारचा केरबा हद्दवाढीच्या बाजूचा. त्याने विचारलं, "आन् आग लागली तर?"

"बादल्या हायत की. आमच्या आज्यानं काय महापालिकेला इचारून आग इझवली?"

तेवढ्यावर न थांबता मगदुमांनी घराकडे येणाऱ्या वाटेवर लोखंडी कमान उभी केली. जेसीबी शिरू नये म्हणून मुद्दाम बुटकी. वर बोर्ड लावला: 'शहराची हद्द समाप्त. महापालिकेच्या वाहनांस सक्त मनाई.'

पहिली परत फिरली ती कचऱ्याची गाडी. शेजारच्या कॉलनीतून सवयीने आत येणारी ती गाडी बंद झाली आणि गोठ्यामागे कचऱ्याचा ढीग साचला. रत्नाबाई रोज बोलू लागल्या. "ह्यात काय अवघड हाय?" म्हणत एका दुपारी मगदुमांनी ढीग पेटवून दिला आणि स्वावलंबनाच्या समाधानात आडवे झाले.

वारा सुटला. ठिणगी कडब्याच्या गंजीवर गेली. रत्नाबाईंनी म्हशी सोडल्या, केरबा बादल्या घेऊन धावला; पण गंजी धडाडून पेटली होती आणि गोठ्याचं छप्पर तापू लागलं होतं. मगदुमांनी शहराच्या अग्निशमन दलाला फोन लावला. "हद्दीत न्हाय म्हणून काय आमी माणसं न्हाय व्हय? बंब पाठवा लौकर."

बंब लगेच आला आणि कमानीपाशी थांबला.

"पावणं, बोर्ड हाय," चालक म्हणाला.

"बोर्ड काय वाचत बसलाय? या की आत."

"बोर्डाचं ऱ्हाऊ दे, टपावरची शिडी अडकतीया. एवढी बुटकी कमान बांधली कुणी?"

मगदुमांनी एकवार कमानीकडे पाहिलं, एकवार गंजीकडे. मग ते कडाडले, "सरकारनं. दुसरं कोण असली कामं करणार?"



जवानांनी बंब शहराच्या हद्दीतच ठेवला, पाइपला पाइप जोडले आणि कमानीखालून ओढत नेऊन आग विझवली. गोठा वाचला. निम्मी गंजी जळाली, निम्मी भिजली. भिजलेल्या कडब्याबद्दल मगदूम जेवतानाही महापालिकेला शिव्या घालत होते.

सकाळी उठून बघतात तर वाटेवर कमान नाही. ती गोठ्याच्या पलीकडे, शेताच्या तोंडाशी उभी होती, बोर्डासकट.

"कमान कुणी हलवली? मला न इचारता?"

"मी," रत्नाबाई धार काढता काढता म्हणाल्या. "केरबाभावजींचा ट्रॅक्टर लावून."

"अगं, पण ही जागा..."

"माझ्या नावावर हाय. म्हणून हद्दवाढ केली. आपल्या गोठ्यापुरती."