गुणसूत्र कोणाच्या घरचं

जॉर्डनमधल्या करक गावच्या आमच्या घराण्यात वरचं घर आणि खालचं घर असे दोन भाग आहेत. दोन्ही एकाच आजोबांची लेकरं, त्यामुळे एकमेकांशी कधी पटत नाही. तरीही रक्त बाहेर जाऊ नये म्हणून खालच्या घरची रुदैना वरच्या घरच्या तायसीरला दिली. रक्त बाहेर गेलं नाही. त्यांची लुजैन अकरा वर्षांची झाली तरी पहिलीतल्या पोरीएवढी दिसत होती.

डॉक्टर नुहादबाईंनी तपासून सांगितलं, की एका गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला आहे. हे आईकडून किंवा बापाकडून आलं असावं, आणि ज्याच्याकडून येतं तो स्वतः धडधाकट असतो. रोज इंजेक्शन दिलं तर मुलगी वाढेल, पण हाडांची वाढ बंद व्हायच्या आत.

घराण्याने यातलं 'धडधाकट' तेवढं ऐकलं. तोवर दोन्ही घरं तब्येतीच्या फुशारक्या मारत असत. दुसऱ्या दिवसापासून तायसीरचे वडील हाज मुफलिह काठी टेकत चालू लागले आणि रुदैनाचे वडील अबू शाहिर यांना खोकला झाला.

रुदैना म्हणत होती, आधी इंजेक्शन सुरू करू, भांडण नंतर करा.

"पोरी, औषध घेतलं म्हणजे दुखणं कबूल केलं," हाज मुफलिह म्हणाले. "आधी ते कोणाचं हे ठरू दे."

माहेरीही तिला हेच ऐकावं लागलं. तायसीरचा लेकीवर फार जीव, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे.

रीतीप्रमाणे वरच्या घराने वडीलधाऱ्यांना घेऊन खालच्या घरी जायचं ठरवलं. जैतुनाची तोडणी झाल्यावर जाऊ म्हणेपर्यंत रमजान आला. मग चुलते वारले. मग अबू शाहिर मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेले, आणि जैतून पुन्हा पिकले, आणि पुन्हा. लुजैन होती तेवढीच होती, त्यामुळे वेळ गेल्याचं कोणाला जाणवलं नाही.

शेवटी आम्ही वरच्या घरचे निघालो एकदाचे. हाज मुफलिहांनी कडू कॉफीचा पेला समोर ठेवला आणि त्याला हात लावला नाही. मागणी मान्य झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही, आणि न पिता उठला तर यजमानाची गावभर नाचक्की.

"तुमचं गुणसूत्र परत घ्या, अबू शाहिर. मग पितो."

"दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही, हाज. आणि ही आमची नाहीच."

कॉफी गार झाली. आतून मनसफचा, म्हणजे दह्यात शिजवून भातावर वाढायच्या मटणाचा, वास येऊ लागला, तशी मंडळींना अक्कल सुचली. त्या एका आजोबांची बायको, आमची आजी, दमास्कसची, म्हणजे परकी. शिवाय केव्हाच वारलेली आणि माहेरचं कोणी न उरलेली. गुणसूत्र एकमताने तिच्या नावे करण्यात आलं. ती दोन्ही घरांची आजी होती हे कोणी बोललं नाही. मनसफ समोर आला होता.

दाराशी उभ्या लुजैनने विचारलं, "म्हणजे आता मी वाढू ना, आजोबा?"

"वाढ की," हाज म्हणाले. "आता कोणाची हरकत नाही."

त्याच आठवड्यात नुहादबाईंनी तिच्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांची वाढ बंद झाली होती. रुदैना दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. घराण्याचं नाव मात्र स्वच्छ राहिलं.

यंदा माझ्या मुलाचं लग्न करायचं आहे. मुलगी उंच हवी, घराणं नावाजलेलं हवं. रक्ताचं तुम्ही विचारू नका, आम्हीही विचारणार नाही. तुमच्याकडे म्हणे पत्रिका बघतात. ती जुळत असेल तर आम्ही कॉफी प्यायला येतो.