टेंभरे काकाजींचं पथ्य

आमचे शेजारी टेंभरे काकाजी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरोघर फराळाला जातात, बशीतलं काही म्हणता काही खात नाहीत, आणि निघताना चिमूटभर शेव चुरून स्वतःच्याच शर्टावर सांडतात.

थट्टा करत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. यंदाच्या दिवाळीत माझ्या बायकोनं दोन दिवस खपून केलेल्या अनारशांना त्यांनी लांबूनच हात जोडले. "नाही जी, पथ्य आहे. डॉक्टर म्हणते, पाच किलो उतरव, नाहीतं गुडघे गेले." मग थोडी शेव मिशीवर, थोडी खिशाजवळ, आणि स्कूटी पुढच्या दारात. "खायचं नाही तर सांडायचं कशाला?" बायको फणफणली.

काकाजींनी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं धान तोललं. घरगुती वजनकाट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "त्याले फुंक मारली तरी हालते!" म्हणून रोज सकाळी आमच्या कुडवा गावातून मिलवर जातात आणि चपला काढून धानाच्या काट्यावर उभे राहतात. सणासुदीत अख्ख्या कुडव्याचं वजन वाढतं, यांचं तेवढं उतरतं. मला तर याचा रागच यायचा.

त्यांच्या घरात मात्र काळजी उलटी होती. पावसाळ्यात काकू मोठ्या दुखण्यातून उठल्या, त्या नुसती हाडं घेऊन. वजन वाढलं नाही तर पुन्हा भरती करू, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि काकूंचा हट्ट असा, की नवरा उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही. चाळीस वर्षांत घेतला नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळी मी त्यांच्याकडे फराळाचा डबा द्यायला गेलो. तेवढ्यात काकाजी बाहेरून आले, अंगभर चुरा, वर भलामोठा ढेकर. "पाच घरचं खाऊन आलो! पोट फुटून राह्यलं. तू खाय आता, माह्यासाठी नोको थांबू." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःची लाज वाटली. काकूंनी मुकाट्यानं करंजी उचलली.

मग काकूंना स्कूटीवर बसवून स्वारी मिलवर. साक्षीला मलाही नेलं. काकू काट्यावर चढल्या. काकाजींनी आकडा पाहिला, त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. तीनदा. दसऱ्यापासून दोन किलो वाढले होते! काकाजी डोळे पुसत हमालांना सांगायला धावले. माझ्याही जिवात जीव आला.

काकू हळूच म्हणाल्या, "सकाळपासून त्यायच्या पोटात काही नाही. मले का मालूम नाही?"

"मग तुम्ही खाता कशा?"

"काय करू जी? मी नाही खाल्लं तं हा माणूस उद्या पाचाऐवजी दहा घरं उपाशी फिरन."