माझ्या नाकाकडे बघा

आमच्या शेजारची सुलभा सिस्टर कुणाला 'कशा आहात' म्हणून विचारत नाही. दारातच उभं करून म्हणते, "माझ्या नाकाकडे बघा."

आता तिचं नाक काही बघण्यासारखं नाही. पण बघावं लागतं. मग ती दोन्ही हात पसरून एकेक बोट हलवते. "कुठलं हललं?" दूधवाला सांगतो. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन सांगतो. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष टाकीबद्दल बोलायला उठले, तर हिने त्यांनाही नाकाकडे बघायला लावलं. टाकी अजून गळतेच आहे.

बाई नर्स आहे. केस पिकले, मुलगी सासरी गेली. या वयात माणसाने गुडघ्याला तेल लावावं. हिने डोळ्यांच्या शुश्रूषेच्या पदव्युत्तर कोर्साला नाव घातलं. म्हणजे पदवीच्याही वरचं शिक्षण! मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात अख्खा संसार झाला. हिच्या वर्गात सगळी मुलीच्या वयाची पोरं. पहिल्या दिवशी हिला बाई समजून उठून उभी राहिली म्हणे. पहाटे भिंतीपलीकडून पाठांतर चालू होतं. डोळ्यातल्या शिरांची इंग्रजी नावं ती आरतीच्या चालीवर म्हणते. टाळ्या तेवढ्या वाजवत नाही.

बरं, शिकलं ते दवाखान्यात वापरावं. माझ्या नातीला बघायला नेऱ्याहून पाहुणे आले होते. ही साखर मागायला म्हणून आली आणि नवऱ्या मुलालाच उभं केलं. "माझ्या नाकाकडे बघा." मुलगी बघायला आलेला मुलगा हिचं नाक बघून गेला! परत निरोप आला नाही.

त्याच दिवशी मी हिच्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात एका बाजूला उभी होती. माझ्याकडे बघून हसली, हात केला. मी मान ताठ ठेवून शेजारून निघून गेले. संध्याकाळी पुन्हा तसंच. घरात येऊन चप्पल काढते आहे, तोच ही धावत आत आली. चेहरा पांढराफटक. घाबरली की तिची माहेरची, करंज्याची बोली बाहेर पडते.

"काकू, बाजूचं कवापासून दिसत नाय?"

"कुणाला?"

"तुमाला! मी जिन्यात हाय, हात करते, तुमी बघलं नाय. बसा आदी. माझ्या नाकाकडं बघा."

"अगं भवाने, चांगली दिसत होतीस! मी तुझ्याशी बोलत नाहीये. अबोला धरलाय!"

"खरं?"

"तुझ्या नाकाची शपथ."

ती मटकन खाली बसली. "अबोला हाय व्हय? बरं झालं बाय!"

माझ्या रागाला 'बरं झालं' म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. त्यावर काही सुनावणार, तर ही हसता हसता रडायलाच लागली. मी चहा टाकला.

मग तिनेच सांगितलं. तिची आई करंज्याच्या बंदरावर मासळी विकायची. उतारवयात ती शेजारून जायची, पण कुणाला ओळख देईना. लोक म्हणायचे, लेक नर्स झाली, म्हातारी माजली. एका लग्नात ती सुलभाच्याही शेजारून तशीच निघून गेली.

"मीपण अबोला धरला वो काकू. समोरच्या सुईत दोरा ओवायची ती. मग मी शेजारी उभी असताना दिसत नाय, असं कसं वाटेल? काचबिंदू असणार. बाजूची नजर आधी जाते. या कोर्सात तो धडा आला, तवा मना समजलं. आई तवा नव्हती."

"नर्स असून?" मी विचारलं. मला आडपडदा येत नाही.

"नर्स असून," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

मी तिला माफ केलेलं नाही. नातीचं स्थळ गेलं ते गेलंच. अबोलाही मोडलेला नाही. फक्त जिन्यात ती बाजूला उभी असली, की मी पुढे बघूनच ओरडते, "दिसलीस गं, दिसलीस!"

ते बोलण्यात धरायचं नाही.