खुर्चीची उंची

चौथ्या बुधवारी समुपदेशक बाईंची खुर्ची खाली जाऊ लागली.

समोर सलूनवाले काका बसले होते. आधीचे तीन बुधवार त्यांनी "हो", "बरं आहे" आणि "निघू का?" एवढ्यावर काढले होते. बायको जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून दुकानाचं शटर बंद आणि तोंडही. आज बाहेर बसलेल्या लेकीने निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, आज तरी बोला. नाहीतर दुकान देऊन टाकू आणि तुम्ही चला माझ्याकडे."

"काकूंचं काही आठवतं का, काका?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारता त्या वीतभर खाली गेल्या. माणूस बोलायच्या बेतात असेल तर आपण हलायचं नाही, हा त्यांचा नियम. चेहरा शांत ठेवून त्या टेबलाआड मावळत चालल्या. हनुवटी गेली, मग नाक.

चाळीस वर्षं खुर्च्या वरखाली केलेल्या काकांना ते बघवेना.

"बाई, उठा जरा."

"असू दे हो. तुम्ही बोला."

"तुम्ही दिसलात तर बोलेन ना!"

त्यांनी खाली बसून खुर्चीचा दांडा ओढला. तो हातातच आला. दोन्ही हात ग्रीसने काळे. रडणाऱ्यांसाठी ठेवलेले कागदी रुमाल पुसापुशीत संपले. मग काकांनी समोरच्या कपाटातून दोन जाडजूड ग्रंथ काढून खुर्चीवर रचले आणि बाईंना वर बसवलं. खुर्ची डुगडुगली.

"काका, सोडू नका हं!"

"नाही सोडत."

असे ते खुर्चीची पाठ धरून मागे उभे राहिले. कपाटाच्या काचेत दोघं दिसत होती. पुढे एक डोकं, मागे ते स्वतः. आयुष्यभर हेच तर पाहिलं होतं. काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "बोला, काय म्हणता?"

बाई वळणार होत्या. वळल्या नाहीत.

"आज तुम्ही बोला," त्या काचेकडे बघत म्हणाल्या. "मी अशीच बसते."

काका काचेतल्या बाईंच्या केसांकडे बघू लागले.

"ती म्हणायची, सगळ्या गावाचे केस कापता, माझी टोकं तेवढी सरळ करा. मी म्हणायचो, घरात धंदा नको. दवाखान्यातसुद्धा म्हणाली. म्हटलं, उद्या कात्री आणतो. सकाळी गेलो, तर कुणीतरी सोयीसाठी तिचे केस कापून टाकले होते. वाकडे. ती शुद्धीवर नव्हती. तशीच गेली हो. माझी बायको असून."

ग्रंथ घसरले. बाई धपकन खाली आल्या, पण काचेवरची नजर त्यांनी काढली नाही. डोळे पुसायला दोघांनाही काही उरलं नव्हतं. काकांनी तसाच काळपट हात तोंडावरून फिरवला.

आवाज ऐकून लेक आत आली. बाई जवळजवळ जमिनीवर, मागे काळ्या तोंडाचे वडील.

"अगंबाई! बाबा, काय केलंत हे?"

"थांबा ताई," बाई खालूनच म्हणाल्या, "काका बोलतायत. काका, पुढच्या बुधवारी दुसरी खुर्ची आणू का?"

"छे. हीच असू दे. आत्ता कुठे उंची बरोबर झालीय."

ते लेकीकडे वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुझी टोकं वाढलीत गं. दुकानात ये, सरळ करून देतो."

"येईन की. उद्या येते."

"उद्या नको," काका म्हणाले. "आत्ता चल."