रंगोबा हत्तीच्या पंपावरचे वरचे थेंब

एका जंगलात डांबरी रस्ता झाला. कुणी केला, कशासाठी केला, ते विचारू नका. रस्ता झाला की गाड्या येतात, एवढं लक्षात ठेवा आणि मांडी घालून बसा. पाय पसरायचे नाहीत, मागच्यांना त्रास होतो.

सगळ्यात आधी हरणाने स्कूटर घेतली. पायी ते स्कूटरच्या दुप्पट पळायचं. पण पायी आलेल्याला लग्नात पुढच्या खुर्चीवर कोण बसवतं? मग सशाने घेतली. रानडुकराने घेतली. कासवाने तर मोटारसायकल घेतली आणि तिला पाठीच्या कवचाचा रंग मारून घेतला.

गाड्यांना पेट्रोल लागतं. ते मिळायचं बंदरावर, डोंगरांच्या पलीकडे. तेव्हा रंगोबा नावाचा हत्ती पाठीवर पिंपं लादून ते आणू लागला. उंबराखाली बसून विकू लागला. माप म्हणजे त्याची सोंड. सोंडभर पेट्रोल टाकीत ओतलं की तो सोंडेचं टोक टाकीच्या तोंडावर धरायचा आणि झटकायचा. टप. टप. टप.

"हे वरचं, तुमच्या पोराबाळांचं," असं म्हणायचा.

गिऱ्हाईक विरघळून जायचं. आता हे आपल्यातच ठेवा, पण हत्तीने कितीही ओतलं तरी पेलाभर सोंडेत राहतंच. त्या पेल्यांवर रंगोबाची स्वतःची जीप फिरायची. पण पेला कुणाला दिसला नाही. थेंब सगळ्यांना दिसले.

रंगोबामागे त्याचा मुलगा सोपानराव गादीवर आला. त्याने हाताने फिरवायचं यंत्र आणलं. वर काचेची मोठी बरणी, खाली रबरी नळी. बरणीत लालसर पेट्रोल चढताना बघायला जंगल जमायचं. पुढे त्याने टँकर घेतला. नदीपलीकडच्या वाड्यावस्त्यांनाही रंगोबाच्या घरचंच पेट्रोल जाऊ लागलं. यंत्र नवं आलं, टँकर आला, पण सोपानरावाने नळी झटकायचं सोडलं नाही. आणि ते पोराबाळांचं वाक्यही सोडलं नाही, गिऱ्हाईक ब्रह्मचारी असलं तरी.

सोपानरावाची मुलगी वैजयंता. घरात वैजू. ती शहरात शिकून आली. पोरगी गुणी, पण खोटं तिला अजिबात सोसत नसे. स्वयंपाकात मीठसुद्धा मापून घालायची. जेवणारे काय म्हणायचे ते जाऊ द्या.

सोपानरावाचे गुडघे गेले तेव्हा पंप तिच्याकडे आला. तिने नवं कोरं यंत्र बसवलं. आकडे दाखवणारं. माप इतकं चोख की थेंब इकडचा तिकडे होणार नाही. नळीच्या तोंडाशी अशी कळ होती की शेवटचा थेंबही टाकीतच पडायचा. आत काही उरायचंच नाही.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कासव.

"काका, झिरो बघा," वैजू म्हणाली.

कासवाने झिरो बघितला नाही. ते नळीकडे बघत राहिलं. टाकी भरली. वैजूने नळी जागेवर अडकवली.

कासव हलेना.

"काय झालं, काका?"

"झटकली नाहीस."

"आत काही नसतंच आता. सगळं तुमच्या टाकीत पडलं."

"तुझ्या आजोबांच्या वेळेला असायचं," कासव म्हणालं आणि गाडीला किक मारून निघून गेलं. म्हणजे निघालं. जायला त्याला जरा वेळ लागला. तेवढ्यात वाटेत भेटेल त्याला ते सांगत गेलं, "पोरगी शिकली आणि पोराबाळांचा थेंब खायला लागली."

पुढच्याच हंगामात समोर तरसाने पंप टाकला.

तरस म्हणजे हसरा गृहस्थ. त्याचं माप कमी होतं, पण झटकणं बघत राहावं असं. नळी टाकीवर आपटायचा, उलटी करायचा, फुंकर घालायचा, वर वहिनींची तब्येत विचारायचा. गाड्या त्याच्याकडे वळल्या. आणि मग घाटाच्या चढावर बंदही पडू लागल्या. रानडुक्कर गाडी ढकलता ढकलता घामाघूम होऊन म्हणायचं, "पण झटकतो काय हो मनापासून!"

इकडे वैजूच्या पंपावर गवत उगवलं. तेल कंपनीचे बगळेसाहेब पांढऱ्या कपड्यांत आले. एका पायावर उभे राहून म्हणाले, "विक्री अशीच राहिली तर पावसाळ्याआधी टाक्या उपसून नेऊ. टँकरचं कामही तरसरावांना देऊन टाकू. नाइलाज आहे, बाई."

त्या दिवशी सोपानराव जेवला नाही. हत्ती जेवला नाही की घराला कळतं. केवढं शिळं उरतं!

"आबा, मी कुणाला फसवलं का?" वैजूने विचारलं.

"नाही गं पोरी."

"मग?"

"तेच तर," सोपानराव म्हणाला आणि उंबराकडे बघत बसला.

वैजू हट्टी. तिने सगळ्या जंगलाला चौकात बोलावलं. सरकारी शिक्क्याचं पितळी माप मध्ये ठेवलं. आधी आपलं पेट्रोल ओतलं. बरोबर खुणेपर्यंत. मग ते रिकामं करून तरसाकडून तेवढ्याच मापाचं म्हणून आणलेलं ओतलं. खुणेच्या चांगलं चार बोटं खाली राहिलं. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. तरस हसत होता, तो नेहमीच हसतो.

"बघितलंत?" वैजू म्हणाली.

"बघितलं," कासव म्हणालं. "माप त्याचं कमी आहे, खरंय. पण मन मोठं आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गाड्या ढकलत तरसाकडे गेले.

वैजू रडवेली होऊन बाजारात गेली. पंप राहो न राहो, रात्रीला भाजी लागतेच. चिंधाबाई माकडीण वांगी तोलत होती. तोलता तोलता शेजारणीच्या सुनेबद्दल काही सांगत होती, ते ऐकण्यासारखं होतं पण आपला विषय नाही. तिने वांगी पिशवीत टाकली. वैजू पिशवी उघडी धरून उभीच.

"का गं, थांबलीस?"

"मावशी, कढीपत्ता?"

"विसरलेच बघ!" म्हणत चिंधाबाईने एक काडी पिशवीत खोचली.

वैजूचं मन जरा निवलं. ती निघाली. वळणावर आली आणि गपकन थांबली. तिने तराजूकडे पाहिलंच नव्हतं. एकदाही नाही. ती आपली कढीपत्त्याची वाट बघत होती.

घरी येऊन तिने वांगी तोलली. काय भरली ते तिने कुणाला सांगितलं नाही. भाजी मात्र आबांना थोडी कमी पडली.

दुसऱ्या दिवशी हरणाची स्कूटर पंपासमोरच बंद पडली, म्हणून नाइलाजाने ते आत आलं. वैजूने पेट्रोल भरलं. पूर्ण माप, खुणेपर्यंत. मग इकडेतिकडे बघितलं. लाज वाटली तिला. आत काही नव्हतं, आणि तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं? पण तिने नळी टाकीच्या तोंडावर धरली आणि कोरडीच झटकली.

"हे वरचं," ती पुटपुटली, "तुमच्या पोराबाळांचं."

हरणाचे डोळे भरून आले. "पडला गं! मी बघितला थेंब!"

"बघितलात?" वैजूने दचकून विचारलं.

"केवढा होता!"

आठवडाभरात रांग लागली. गाड्या घाटाच्या वरपर्यंत जाऊ लागल्या, आणि त्याचं सगळं श्रेय थेंबांना मिळालं. कासव म्हणालं, "आता कशी घराण्याला शोभतेस!"

पावसाळा तोंडावर आला तसे बगळेसाहेब आले. बरोबर टाक्या उपसायची माणसं. गर्दी बघून त्यांनी माणसांना झाडाखाली बसवलं. आपलं माप काढलं, तपासलं, चोख भरलं. मग स्वतःच्या जीपमध्ये पेट्रोल भरून घेतलं. साहेबांच्या धाकाने वैजू झटकायचं विसरली. तिने नळी तशीच अडकवली.

साहेब जीपमध्ये बसले. गाडी सुरू करेनात.

"काही चुकलं का, साहेब?"

"नाही... म्हणजे..." साहेबांनी गॉगल पुसला. "मघाशी त्या डुकराला तुम्ही झटकून दिलंत."

वैजूने झटकून दिलं. जरा जास्तच दिलं. साहेब माणसं घेऊन परत गेले, आणि सोपानराव त्या दिवशी दोन दिवसांचं जेवला.

तरस विचारात पडला. हिचं असं काय चाललंय? खूप डोकं खाजवल्यावर त्याला उमगलं: ही माप पूर्ण देते! त्यानेही पूर्ण माप सुरू केलं. आकड्यांकडे डोळे लावून बसावं लागे, त्या नादात झटकायचं राहू लागलं, वहिनींचीही चौकशी राहिली. दिवाळीच्या आत त्याचा पंप बंद पडला. जंगल हळहळलं. म्हणालं, "चांगला होता हो आधी. मग बिचारा लबाडीला लागला."

तात्पर्य: बाळांनो, प्रामाणिकपणा जरूर करावा, पण तो गुपचूप करावा, लोकांच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये. लोकांच्या समोर करायला दुसरं काहीतरी ठेवावं.